हौशा कोणत्या बाजूला चालायचा

एकदा एक शिष्य बारा वर्षांचे अध्ययन पुरे करून आचार्यांकडे निरोप मागायला गेला, आणि त्याला निरोप मिळाला नाही.

शिष्याचे नाव श्रीपती. पानमळ्यात राबणाऱ्या एका माळ्याचा हा मुलगा. दहाव्या वर्षी बापाने त्याला टेकडीवरच्या या पाठशाळेत आणून सोडले होते. आता व्याकरण, न्याय, ज्योतिष सारे त्याच्या जिभेवर होते. त्याच वर्षी परप्रांतातून आलेल्या एका पंडिताला त्याने भरसभेत निरुत्तर केले होते. पंडित पोथी गुंडाळून उठला, सभेने ‘साधु, साधु’ म्हटले, आणि तो शब्द श्रीपतीच्या कानात कित्येक दिवस घुमत राहिला.

आचार्यांनी विचारले, “गावी जाऊन काय करणार आहेस?”

“लोकांना चार शब्द सांगेन. कोणी शंका घेऊन आला तर तिचे समाधान करीन.”

“आणि कोणी शंका न घेता नुसताच आला तर?”

श्रीपतीला प्रश्नच कळला नाही. “नुसताच कशाला येईल कोणी?”

आचार्य म्हणाले, “एक धडा राहिला आहे. उद्या सकाळी खालच्या गावात जा. कोणत्याही तीन घरी जा. चुलीवर ठेवलेल्या दुधाला उकळी यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ त्या घरच्या माणसांशी बोल आणि परत ये.”

“कोणत्या विषयावर?”

“ते त्यांनाच ठाऊक असेल,” आचार्य म्हणाले आणि स्नानाला निघून गेले.

श्रीपतीला हे थोडे अपमानास्पदच वाटले. ज्याने पंडितांना हरवले त्याने कुंभारवाड्यात जाऊन बोलणे शिकायचे? पण गुरूंची आज्ञा होती. सकाळी उठून तो टेकडी उतरला.

गावात शिरताच पहिले घर ठकूबाई कुंभारणीचे. ती अंगणात बसून ओल्या मडक्यांना थापटीने आकार देत होती. दारात पाठशाळेतला माणूस पाहून तिने पदर सावरला.

“या महाराज. कसं येणं केलंत?”

“आचार्यांनी तुमच्याशी बोलायला पाठवले आहे.”

“माझ्याशी?” ठकूबाईची थापटी थांबली. “काय चुकलं का आमचं?”

“नाही, नाही.”

“मग?”

या ‘मग’चे उत्तर काही केल्या श्रीपतीला सुचेना. दोन दोन प्रहर न थांबता बोलणारा हा तरुण एका शब्दापुढे घामाघूम झाला. अखेर त्याची नजर मडक्यावर गेली आणि जीव भांड्यात पडला. न्यायशास्त्रात घड्याचा दृष्टांत पदोपदी येतो. माती हे घड्याचे एक कारण कसे, कुंभार हे दुसरे कारण कसे, आणि दोन्ही कारणांत भेद कोणता, हे त्याने ठकूबाईला क्रमवार समजावून दिले. ठकूबाईने सगळे ऐकून घेतले. “असं का,” म्हणाली आणि पुन्हा थापटी उचलली.

दुसऱ्या घरी लग्न होते. दारात मांडवाचे खांब रोवणे चालले होते, आत बायका पापड लाटत होत्या. घरधन्याने मोठ्या हौसेने त्याला बसवले, गूळपाणी दिले आणि लेकीच्या लग्नाची तिथी सांगितली. श्रीपतीने बोटांवर गणित केले आणि म्हणाला, “या मुहूर्तापेक्षा तिसऱ्या दिवशीचा अधिक चांगला होता.” आतले लाटणे थांबले. खांब रोवणारा माणूस पहार हातात धरून तसाच उभा राहिला. घरधनी हसल्यासारखे करून म्हणाला, “आता काय, पत्रिका वाटून झाल्या.”

तिसरे घर केरबा नावाच्या म्हाताऱ्याचे. चार दिवसांपूर्वी त्याचा बैल मेला होता. म्हातारा ओट्यावर बसून होता, समोर गोठ्यात एक खुंटा रिकामा होता. इथे काय बोलायचे हे मात्र श्रीपतीला पक्के ठाऊक होते. जे जन्माला आले ते जाणारच, शहाण्याने त्याचा शोक करू नये, या अर्थाचे तीन श्लोक त्याने स्वच्छ आवाजात म्हटले आणि अर्थही सांगितला. केरबाने हात जोडले. “खरं आहे महाराज,” म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठून आत गेला. तो पुन्हा बाहेर आला नाही.

दुपारी श्रीपतीने आचार्यांना वृत्तान्त सांगितला. “तिन्ही घरी बोलून आलो. कोणीही आक्षेप घेतला नाही.”

“कोणी काही सांगितले?”

श्रीपती आठवू लागला. “तसे विशेष काही नाही.”

“ठीक,” आचार्य म्हणाले. “उद्या आपण दोघे केरबाकडे जाऊ.”

दुसऱ्या दिवशी दोघे गेले तेव्हा केरबा तिथेच, तसाच बसला होता. आचार्यांना पाहून उठू लागला, तर त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवले आणि स्वतः शेजारी ओट्यावर टेकले. पाणी मागितले, सावकाश प्यायले. बैलाविषयी अवाक्षर नाही. बराच वेळ कोणीच बोलले नाही. श्रीपतीला ती शांतता टोचू लागली. त्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडले, तोच आचार्यांचा हात त्याच्या गुडघ्यावर येऊन पडला.

गोठ्यात उरलेला एकटा बैल वैरणीला तोंड न लावता उभा होता. त्याच्याकडे पाहत आचार्यांनी विचारले, “केरबा, तो कोणत्या बाजूला चालायचा हो?”

“हौशा?” म्हातारा म्हणाला. “उजव्या. कायम उजव्या.”

“का बरं?”

“त्याचा उजवा डोळा अधू होता ना. डाव्या बाजूला बिजल्या असला की त्याला ठाव लागायचा. बिजल्याला टेकून चालायचा तो. लोक म्हणायचे, आंधळा बैल कशाला घेतलास? पण नांगराचं तास असं सरळ धरायचा, की डोळसांनी बघत राहावं.”

“मग उजवीकडचा बांध कसा समजायचा त्याला?”

“मी शीळ घालायचो!” केरबाचा चेहरा उजळला. त्याने तोंडाने एक बारीक शीळ घातली. ती ऐकताच गोठ्यातल्या बिजल्याने मान वर केली, कान टवकारले. म्हाताऱ्याने ते पाहिले आणि त्याचे डोळे भरून आले. बैल गेल्यापासून तो पहिल्यांदा रडला. आचार्य काही बोलले नाहीत, नुसते बसून राहिले. मग केरबा आपणहून बोलू लागला. हौशा बाजारात कसा भेटला, पुराच्या वर्षी त्याने गाडी कशी ओढून काढली, थोरल्या नातीने त्याच्या शिंगांना कोणता रंग लावला होता, सगळे सांगत गेला. ऊन ओट्यावर चढून आले तेव्हा तो थांबला. बिजल्या खात नाही, तर काय करावे, असे आता त्यानेच विचारले. आचार्यांनी एक पाला सांगितला आणि म्हणाले, “थोडे दिवस त्याच्याजवळ झोपा. तोही एकटा पडला आहे.”

निघताना केरबा श्रीपतीकडे वळून मोठ्या भाबडेपणाने म्हणाला, “काल हे महाराज आले होते. चांगलं बोलले. मला काही कळलं नाही, पण चांगलं बोलले.”

परतताना दोघे वाटेतल्या नाल्यापाशी थांबले. तिथे दगडावर बसल्यावर त्याला राहवेना.

“आचार्य, पंचक्रोशीतली आजारी जनावरे लोक तुमच्याकडे आणतात. बैलांविषयी तुम्हाला ठाऊक नाही असे काय आहे? तरी तुम्ही अजाण माणसासारखे विचारत होता. ठाऊक असून विचारणे हा असत्याचाच प्रकार नव्हे का?”

“मला बैल ठाऊक आहेत,” आचार्य म्हणाले. “केरबाचा बैल ठाऊक नव्हता.”

आचार्य सौम्यपणे पुढे म्हणाले, “आपल्याकडे पाहुणा आला की आपण पाट मांडतो आणि त्याला बस म्हणतो. बोलणेही तसेच आहे. प्रश्न विचारणे म्हणजे समोरच्यासाठी पाट मांडणे. तू तिन्ही घरी गेलास आणि प्रत्येक वेळी स्वतःच पाटावर बसलास. तू सांगितलेले खोटे नव्हते. पण सभेत समोरचा गप्प झाला म्हणजे तू जिंकतोस, घरात समोरचा गप्प झाला म्हणजे तू हरतोस. हा भेद मी तुला बारा वर्षांत शिकवला नाही. तो दोष माझा आहे. म्हणून निरोप दिला नाही.”

गुरूंनी दोष स्वतःकडे घेतला याचे श्रीपतीला अधिक वाईट वाटले. त्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत तो एकटाच लग्नघरी गेला. घरधनी त्याला पाहून किंचित बावरला. श्रीपती म्हणाला, “काका, काल मी आलो, गूळपाणी घेतले, आणि तुमच्या लेकीला आशीर्वाद द्यायचेच विसरलो. तुमचा मुहूर्त चांगला आहे. मी उगाच पांडित्य दाखवले.” घरधन्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि आत वळून ओरडला, “अगं, ऐकलंस का? मुहूर्त चांगला आहे म्हणतात महाराज!” आतून हसण्याचा आवाज आला. कालपासून त्या घराला काय घोर लागला होता, हे त्या हसण्यावरून श्रीपतीला कळले.

इथे कोणाला वाटेल, की झाले, शिष्य शिकला. तसे नव्हते. माणूस एक खोड सोडतो ती बहुधा दुसरी धरण्यासाठी. विचारणे चांगले असे कळताच श्रीपती ठकूबाईकडे गेला आणि त्याने विचारायचा सपाटा लावला. माती कुठली? रोज मडकी किती? भट्टीला लाकूड कोणते? मुले किती? थोरला काय करतो? ठकूबाईने पाच-सहा उत्तरे दिली आणि मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, “महाराज, पाटलानं चौकशीला धाडलंय का तुम्हाला?”

हे ऐकून आचार्य खूप दिवसांनी मोठ्याने हसले. म्हणाले, “विहिरीत पोहरा सोडला, तर तो बुडून भरेपर्यंत थांबावे लागते. तुझा पोहरा पाण्याला टेकतो न टेकतो तोच तू दोर ओढतोस. आणि दुसरे असे, की तू तिच्याकडून सगळे काढून घेतलेस. तिला तू काय दिलेस?”

“माझ्याकडे तिला देण्यासारखे काय आहे?”

“तुझी फजिती दे,” आचार्य म्हणाले. “लोकांना ती फार आवडते.”

पुढच्या खेपेला श्रीपतीने ठकूबाईला सांगितले, की पाठशाळेत भात रांधायची पाळी त्याच्यावर आली की मडके हमखास करपते आणि सगळे विद्यार्थी त्या दिवशी उपास धरतात. ठकूबाई थापटी टाकून हसली. “अहो, मडकं नवं असेल. आधी त्यात कांजी उकळून घ्या. कोणी सांगितलं नाही तुम्हाला?” त्यानंतर सासूने तिला मडके कसे पारखायला शिकवले, ते ती स्वतःच सांगू लागली. दोघांचे बोलणे इतके रंगले, की दूध एव्हाना चारदा उतू गेले असते.

असा महिना गेला. केव्हा गप्प बसावे, केव्हा ‘मग हो?’ एवढेच म्हणावे, आणि बोलता बोलता समोरच्याचे लक्ष उन्हाकडे गेले की आपणच उठावे, या लहान लहान गोष्टी श्रीपती एकेक करून शिकला. मग आचार्यांनी निरोप दिला, आणि त्याला न्यायला त्याचा बाप आला.

बापाचे नाव रावजी. हा मुळात अबोल माणूस. मळ्यातले काम उरकले की तो दरवर्षी दोन दिवस चालून मुलाला भेटायला यायचा. दरवर्षी श्रीपती त्याला नवे शिकलेले म्हणून दाखवायचा. रावजी मांडी घालून ऐकायचा, शेवटी “बेस” म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी परत जायचा. बारा वर्षांत बापलेकांचे संभाषण एवढेच.

दोघे वाटेला लागले. बाप पुढे, मुलगा मागे. कोस दीड कोस कोणी बोलले नाही. पंडिताला हरवल्याची हकीकत श्रीपतीच्या अगदी ओठांवर आली होती. ती सांगितली असती तर बाप आनंदाने ऐकत राहिला असता आणि वाटही सरली असती. पण श्रीपतीने पाहिले, की बापाची बोटे चिरलेली आहेत. पानवेली वाढून शेंड्याला गेल्या, की त्या खाली उतरवून पुन्हा बांधाव्या लागतात. या कामाला उतरण म्हणतात, आणि ते चार हातांचे काम असते.

“आबा,” त्याने विचारले, “यंदा उतरणीला जोडीला कोण होतं?”

“कोण नाही. एकट्यानंच केली.” दहा-बारा पावले गेल्यावर रावजी म्हणाला, “आधी तुझी आई असायची.”

‘असायची’ हा शब्द श्रीपतीच्या कानाला लागला. महिन्याभरापूर्वी तो ऐकूही आला नसता. पण त्याने घाई केली नाही. पावले उचलून तो बापाच्या बरोबरीने चालू लागला आणि हळूच म्हणाला, “असायची?”

रावजी चालत राहिला. मग समोर पाहतच म्हणाला, “तिला दिसत नाही रे आता. डोळे गेले. दोन वर्षं होतील.”

श्रीपती थबकला. “दोन वर्षं? आबा, मधे तुम्ही दोनदा येऊन गेलात. सांगितलं नाहीत?”

“सांगायलाच आलो होतो,” बाप म्हणाला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. “तू शिकलेलं म्हणून दाखवत होतास. किती छान म्हणत होतास. मधे कसं बोलायचं? म्हटलं, पोराचं चांगलं चाललंय, होऊ दे. मग निघायची वेळ झाली.”

श्रीपतीला वाटेवरच बसावेसे वाटले. शरीर नाशवंत आहे, इंद्रिये आज ना उद्या जाणारच, या अर्थाचे दहा श्लोक त्याला आठवले. एकही त्याने उच्चारला नाही. त्याने बापाच्या खांद्यावरचे गाठोडे काढून आपल्या खांद्यावर घेतले.

“मग दोन वर्षं तुम्ही दोघांनी घर कसं चालवलंत, आबा?”

रावजीने मुलाकडे पाहिले. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. आधी तो अडखळला. मग म्हणाला की पहिले सहा महिने फार कठीण गेले. मग म्हणाला की विहिरीपासून चुलीपर्यंत त्याने एक दोरी बांधली आहे. वैद्याने काय सांगितले, शेजारणीने काय केले, आणि एकदा आपण बायकोवर चिडलो आणि त्याचे अजून वाईट वाटते, हेही सांगितले. श्रीपती मधूनमधून ‘हं’ म्हणत होता. मुक्कामाचे देऊळ दिसू लागले तरी बाप बोलतच होता. अंगावरचे जुने ओझे उतरत जावे तशी त्याची चाल हलकी झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते घरी पोचले. पंडित होऊन आलेल्या मुलाला ऐकायला अर्धा गाव ओसरीवर जमला होता. कोणी उंच आसन मांडले होते, कोणी हार आणला होता. आई चुलीपाशी होती. पावलांवरून तिने ओळखले. पिठाच्या हातांनीच त्याचा चेहरा चाचपला, कानाच्या पाळ्यांपर्यंत.

“केवढा झालास,” म्हणाली. “जा, बस बाहेर. लोक कधीचे थांबलेत. काय शिकलास ते सांग त्यांना. मीही इथून ऐकते.”

श्रीपती तिच्याजवळच बसला. तिची कीव करावी असे त्याला वाटले नाही, आणि धीर द्यावा असेही वाटले नाही.

“सांगतो. आधी तू सांग. दिसत नाही, तर भाकरी तव्यावर पडते कशी? आणि भाजली हे तुला कळतं कसं?”

दोन वर्षे माणसे येत होती, ‘अरेरे’ म्हणत होती आणि लवकर उठून जात होती. आई हसली. “कळतं कसं म्हणजे? वास बदलतो! कच्च्या पिठाचा वास वेगळा, पदर सुटायला लागला की वेगळा. ये इकडं, हात दे.” तिने त्याचा हात परातीतल्या उंड्यावर ठेवला. त्याची भाकरी फाटली. ती पुन्हा हसली आणि पहिल्या दिवसापासूनचे सगळे सांगू लागली, किती भाकऱ्या जळल्या, किती वेळा बोटे पोळली, आणि एक दिवस डोळ्यांविना सबंध टोपली भरली तेव्हा सांगायला घरात कोणी नव्हते, हेसुद्धा.

ओसरीवरची मंडळी आधी चुळबुळली, मग दाराशी सरकली. एक शेजारीण आत येऊन बसली आणि म्हणाली, आपल्या सासऱ्यांना ऐकू येत नाही, घरात कोणी त्यांच्याशी बोलत नाही. एक म्हातारा म्हणाला, मुलगा परगावी गेल्यापासून घर खायला उठते. ते उंच आसन तसेच राहिले. ऊन कलेपर्यंत त्या घरात कितीतरी जण बोलले.

पंडित काय बोलला, हे दुसऱ्या दिवशी गावात कोणालाच सांगता येईना. पण त्या दिवसापासून माणसे काही शंका नसताना, नुसतीच, त्याच्याकडे येऊन बसू लागली.